किती दिलं, कशापायी दिलं?

पुणे-बेंगळुरू महामार्गावरून लक्ष्मी टेकडीपाशी आत वळलं की कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी सुरू होते. शर्टाचं कापड, चादरी, इंजिनं, कास्टिंग असं बरंच काही इथे तयार होतं आणि त्यातलं पुष्कळसं परदेशी जातं. मी इथल्या लहान-मध्यम कारखान्यांचे हिशेब बघते. माझ्या कपाटातली सगळ्यांत जाड फाईल नेहमी अनुदानाची असते. राज्याचं अनुदान, केंद्राचं, व्याजावरचं, विजेवरचं, यंत्रावरचं. ही फाईल कारखाना, सीए, बँक आणि उद्योग खातं एवढ्याच टेबलांवरून फिरते. ज्यांच्या करातून हा पैसा येतो, त्यांच्यापर्यंत ती कधी पोचत नाही. ती पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं. या कामात राहून जे उमगलं, ते जसं आठवलं तसं लिहिते आहे.

१. सरकारी मदतीचा मोठा भाग पैशाच्या रूपात येतच नाही, हे मला या कामात पडल्यावर कळलं. मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात दाटी करणारे उद्योग राज्यभर पसरावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तिच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या. १९७९, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३, २०१९ ही सालं आमच्या धंद्यात माणसांच्या नावांसारखी घेतात. 'हा तेराचा कारखाना, तो एकोणीसचा,' असं आम्ही सहज बोलून जातो. या योजनेत राज्याच्या कराशी जोडलेलं प्रोत्साहन अनुदान असतं, व्याजाचा परतावा असतो. ही रक्कम कोषागारातून निघते. तिचं देयक होतं आणि अर्थसंकल्पाच्या पुस्तकात '३३, अर्थसहाय्य' या उद्दिष्टशीर्षाखाली ती शोधली तर सापडते. पण त्याच योजनेत विद्युत शुल्काची माफी असते, मुद्रांक शुल्काची माफी असते. तिथे देयक होत नाही आणि धनादेशही निघत नाही. जो पैसा तिजोरीत यायचा होता तो आलाच नाही, एवढंच घडतं.

कापड कारखान्यांत तर हे आणखी ठळक दिसतं. परदेशातून माग आणताना केंद्राच्या ईपीसीजी योजनेत आयात शुल्क माफ होतं. बदल्यात, वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवायची असते. शुल्काची रक्कम कोटींत गेली तरी कारखान्याच्या बँक खात्यात त्या दिवशी काहीच हललेलं नसतं. दिलेल्या पैशाचा माग काढता येतो. न घेतलेल्या पैशाचा काढायचा, तर तो मुद्दाम कुणीतरी लिहून ठेवावा लागतो. केंद्र सरकार २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून करसवलतींमुळे किती महसूल गेला याचं विवरण छापतं. त्यात बेरीज असते, नावं नसतात. अमेरिकेत हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१५ साली ७७ क्रमांकाचं मानक काढलं. उद्योग यावा म्हणून एखाद्या शहराने वा राज्याने कर सोडला असेल, तर किती सोडला आणि समोरच्याने काय कबूल केलं, हे त्याने स्वतःच्याच वार्षिक हिशेबात लिहायचं, असं ते सांगतं. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की उघड करण्याची जबाबदारी घेणाऱ्याइतकीच देणाऱ्याचीही आहे. किंबहुना देणाऱ्याची थोडी जास्तच.

२. आकडा म्हणजे अर्धीच माहिती. हे मला शिकवलं कसबा सांगावच्या एका आप्पांनी. वसाहतीसाठी ज्या घरांची जमीन गेली त्यांतलं त्यांचं घर. मी कारखान्यांचे हिशेब बघते हे त्यांना ठाऊक होतं. चहाच्या गाड्यावर त्यांनी सरळ विचारलं, "ताई, सरकारनं ह्या कारखान्याला किती दिलं, कशापायी दिलं, आन त्याच्या बदल्यात काय मागून घेतलं?"

अशिलाची फाईल मी कुणापुढे उघडू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. आप्पांनाही ते पटलं. पण त्यांचा तिसरा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. अनुदान म्हणजे करार असतो. अमुक गुंतवणूक करायची, ठरलेला काळ उत्पादन चालू ठेवायचं, स्थानिक माणसं कामाला घ्यायची. यातली शेवटची अट ऐकून माणसं आशेने बघतात. राज्याचा नियम एकूण नोकऱ्यांत ऐंशी टक्के स्थानिक असावेत असं म्हणतो. आप्पांच्या मनातलं स्थानिक म्हणजे सांगाव, तळंदगे, फार तर कागल. नियमातलं स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं कुणीही. गडचिरोलीचा मुलगा आणि सांगावचा मुलगा नियमासमोर सारखे. राज्यासाठी हा नियम रास्तच आहे. पण ज्याची जमीन गेली त्याच्या नातवाने आयटीआय करून चार वर्षं फाटकावर चकरा माराव्यात आणि ही व्याख्याच त्याला कुणी सांगू नये, हे मला रास्त वाटत नाही. कंत्राटी कामगार या ऐंशी टक्क्यांत धरले का, पडताळणी कोणत्या साली झाली, कुणी केली, ही उत्तरं आकड्याशेजारीच छापलेली असायला हवीत.

परदेशी कागद वाचताना अटींचा रकाना दिसला की मला आप्पा आठवतात. लोकांना रकमेचा हेवा असतो असं आपण धरून चालतो. आप्पांना हेवा नव्हता. त्यांना वचन काय होतं ते जाणून घ्यायचं होतं.

३. देणाऱ्याचं नाव लावण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. इथल्या कुठल्याही गावातल्या देवळाच्या भिंतीवर संगमरवरी फरशी असते. तिच्यावर रकमेसह नावं कोरलेली असतात, एक हजार एकापासून पुढे. कारखान्याने सीएसआरमधून जिल्हा परिषदेच्या शाळेला संगणक दिले तर त्यावरही नाव येतं, आणि कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार तो खर्च वार्षिक अहवालात द्यावा लागतो. हे चांगलंच आहे. त्याच कारखान्याला जनतेकडून जे मिळालं, त्याची मात्र फरशी कुठेच नाही. दिलेलं सांगायचं आणि घेतलेलं सांगायचं नाही, याने हिशेब एका बाजूला कलतो. ताळेबंद लिहिणाऱ्या माणसाला हे डोळ्यांत खुपतं.

४. तेच अनुदान ताळेबंदात दिसूही शकतं आणि नाहीसंही होऊ शकतं, तेही पूर्ण नियमाने. समजा एक कोटीचं यंत्र घेतलं आणि त्यावर वीस लाख अनुदान आलं. एका रीतीने यंत्राची किंमतच ऐंशी लाख लिहायची. दुसऱ्या रीतीने यंत्र एक कोटीचंच ठेवायचं आणि वीस लाख वेगळे दाखवून यंत्राच्या आयुष्यभर थोडे थोडे उत्पन्नात घ्यायचे. जुनं लेखा मानक १२ दोन्ही रीती चालवून घेतं. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस २० ने आपल्याकडे आधी फक्त दुसरी रीत ठेवली होती. २०१८ च्या दुरुस्तीने पहिलीही आली. पहिल्या रीतीत काही वर्षांनी ताळेबंद वाचणाऱ्याला ऐंशी लाखांचं यंत्र दिसतं आणि विषय संपतो. जनतेच्या वीस लाखांची खूण उरते ती फक्त टिपांमध्ये. म्हणून मी ताळेबंद हातात घेतला की टिपा आधी वाचते. मिळालेल्या अनुदानाचं स्वरूप आणि व्याप्ती लिहा, असं दोन्ही मानकं सांगतात. इंड एएस २० पुढे जाऊन पूर्ण न झालेल्या अटीही लिहायला लावतं. म्हणजे आप्पांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याची जागा नियमांत आहे. ती जागा एका ओळीत गुंडाळली जाते, तेवढंच.

मानक १२ मध्ये एक गोष्ट आहे जिने मला पहिल्यांदा वाचताना थांबवलं. मागास भागात उद्योग उभा राहावा म्हणून एकूण गुंतवणुकीच्या प्रमाणात जे अनुदान मिळतं आणि जे सहसा परत करायचं नसतं, ते 'प्रवर्तकाच्या वाट्यासारखं' मानून थेट भांडवली राखीव निधीत न्यावं, असं तिथे म्हटलं आहे. प्रवर्तक म्हणजे ज्याने धंदा उभा करायला स्वतःचा पैसा घातला तो. लेखाशास्त्राने सरकारला, म्हणजे तुम्हा-आम्हाला, त्या खुर्चीशेजारी बसवलं आहे. आपल्याला लाभांश नाही, सभेत मत नाही. मग निदान वाटा किती होता एवढं कळण्याचा हक्क तरी असावा. मला या ओळीने जितकं दिलं तितकं कुठल्या भाषणाने दिलं नाही.

प्राप्तिकरातही याच प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. मदत उद्योग उभारायला होती की चालवायला? पुण्याच्या चाफळकर ब्रदर्सच्या खटल्यात मल्टिप्लेक्सना मिळालेली करमणूक शुल्काची सवलत भांडवली स्वरूपाची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं. रक्कम कोणत्या मार्गाने आली यापेक्षा ती कोणत्या हेतूने दिली, हे न्यायालयाने महत्त्वाचं मानलं. तोवर २०१५ च्या वित्त कायद्याने उत्पन्नाच्या व्याख्येतच अशी अनुदानं घालून पुढच्या वर्षांसाठी चित्र बदललं होतं. पण हेतू बघायचा ही गोष्ट मी धरून ठेवली आहे. हेतू लिहिलेला नसेल तर उद्या तो सफल झाला की नाही हे कोण ठरवणार?

आणि हे सगळं कंपन्यांपुरतंच. त्यांचे कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कुणालाही बघता येतात. मालकीची किंवा भागीदारीतली फाउंड्री असेल तर तिचा ताळेबंद लोकांसाठी कुठेच ठेवलेला नसतो.

५. सर्वांत कमी घेणाऱ्याला आपण सर्वांत जास्त उघडं करतो, हे पचवणं मला जड जातं. महाराष्ट्राने रोजगार हमी देशाला दाखवली. विसापूरच्या वि. स. पागे यांची ती कल्पना, आणि १९७७ चा तो कायदा. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात सामाजिक अंकेक्षण आलं. कोणत्या मजुराने किती दिवस काम केलं, किती मजुरी घेतली, हे ग्रामसभेत वाचून दाखवायचं. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये कुणाला मिळतात, याची गाववार यादी संकेतस्थळावर दिसते. माझ्या ओळखीच्या एका मावशींचं नाव अशा यादीत आहे, त्यांना त्याचं काही वाटत नाही. "सरकारचं घेतलंय तर सांगायला काय लाजायचं?" असं त्या म्हणतात.

मावशींचे सहा हजार सगळ्या गावाने बघावेत आणि वसाहतीतले कोटी 'व्यापारी गुपित' म्हणून झाकून राहावेत, हा क्रम उलटा हवा. युरोपात हा प्रश्न न्यायालयात गेला होता. शेतीच्या अनुदानात प्रत्येक व्यक्तीचं नाव सरसकट छापणं जास्त होतंय, असं लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २०१० साली ठरवलं. मग लहान रकमांना झाकणारी मर्यादा आली. उद्योगांना मिळणाऱ्या मदतीबाबत मात्र जुलै २०१६ पासून पाच लाख युरोंवरची प्रत्येक मदत नाव, रक्कम आणि उद्देशासह जाहीर करण्याचा नियम झाला, आणि पुढे ती मर्यादा आणखी खाली आणली गेली. लहान माणसाला आडोसा आणि मोठ्या रकमेवर उजेड. मला हे न्याय्य वाटतं, आणि कागलला न्याय्य वाटणार नाही असं काही त्यात नाही.

६. आपल्या कारखान्याला महाराष्ट्राने काय दिलं, हे परदेशातला माणूस आपल्या गावाआधी वाचू शकतो. निर्यातीच्या फायली हाताळताना हे कळलं आणि मी बराच वेळ त्यावर विचार करत राहिले. अमेरिकेतल्या एखाद्या उत्पादकाने तक्रार केली की भारतीय माल सरकारी मदतीमुळे स्वस्त पडतो, तर तिथलं वाणिज्य खातं काउंटरव्हेलिंग ड्युटीची, म्हणजे त्या मदतीची भरपाई करणाऱ्या जादा शुल्काची, चौकशी लावतं. प्रश्नावली येते. कोणती योजना, कोणत्या तारखेला अर्ज, किती लाभ, कोणत्या अटी. उत्तर दिलं नाही तर हाती असेल त्या माहितीवरून, आणि तीही आपल्या विरुद्ध धरून, दर लावला जातो. २००२ साली भारतातून जाणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मवरच्या अशा चौकशीत महाराष्ट्राच्या विक्रीकर सवलतीची छाननी झाली होती. आतले काही आकडे गोपनीय राहतात. पण योजना, कंपनी आणि तिला लावलेला दर अमेरिकेच्या राजपत्रात छापला जातो.

जागतिक व्यापार संघटनेच्या निवाडा मंडळाने ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी आपल्या निर्यात योजनांविरुद्ध निर्णय दिला, त्याचेही सगळे कागद खुले आहेत. पुढे एमईआयएस ही निर्यात प्रोत्साहन योजना बंद होऊन १ जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी रोडटेप ही योजना आली. आपले निर्यातदार ही सगळी उत्तरं नीट, वेळेवर देतात. कागद तयार असतात. त्यातली दोन पानं मराठीत करून तळंदगे ग्रामपंचायतीत लावायला वेगळी मेहनत पडणार नाही. वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्याला जे सांगता येतं ते शेजारच्या गावाला सांगताना कसलं गुपित मोडतं, हा माझा साधा प्रश्न आहे.

७. 'लोकांना यातलं काय कळणार?' हे वाक्य निदान या तालुक्यात तरी कुणी बोलू नये. हा उसाचा पट्टा आहे. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेआधी अहवाल घरोघर येतो. जेवणं झाली की माणूस चष्मा लावून ताळेबंद उघडतो. शासकीय भागभांडवल किती, त्यातलं परत किती गेलं, बँकेचं कर्ज किती, कुठली तरतूद यंदा वाढली, यावर पारावर वाद होतात. सहकारी सूतगिरण्यांमध्ये सभासदांचे पाच, शासनाचे पंचेचाळीस, कर्जाचे पन्नास हे प्रमाण इचलकरंजीकडच्या साध्या कामगाराच्या तोंडी असतं. सरकारने कुठे किती पैसा घातला, हे छापून आलेलं वाचणारी माणसं इथे दोन-तीन पिढ्या आहेत. एमआयडीसीचे कारखाने त्यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा ते छापून येणं मात्र थांबलं.

आणि हे गाव कुणाचं आहे? २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला ते कागलच्या घाटगे घराण्यात. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला. कुणाला काय देणार, हे छापून सांगितलं गेलं. त्या काळात त्याला विरोध करणारे थोडे नव्हते, तरीही. १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची जी रांग उभी राहिली, त्यांना संस्थानाने दिलेल्या मदतीची नोंद संस्थानाच्या वार्षिक कारभार अहवालांत होत गेली. म्हणून तर आज शंभर वर्षांनी कुणालाही ती शोधून वाचता येते. मी तीच अपेक्षा करते आहे. कागलच्या मातीत ती नवी नाही.

८. कारखानदारांची भीती खरी आहे, ती ऐकल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. मी ज्यांच्यासाठी काम करते ती माणसं चोर नाहीत. पहाटे भट्टीशी उभी राहणारी, घर गहाण टाकून सीएनसी घेणारी माणसं आहेत. त्यांचं पहिलं म्हणणं असं की मंजूर झालेलं आणि खात्यात आलेलं यात वर्षांचं अंतर असतं. पात्रता प्रमाणपत्रावर मोठा आकडा असतो, दरवर्षी दावा करावा लागतो, तरतूद असेल तसे पैसे येतात. यादीत नुसता मंजूर आकडा छापला तर गाव म्हणणार, एवढे घेतले. म्हणून मंजूर आणि प्रत्यक्ष दिलेलं असे दोन रकाने हवेतच. त्याने सरकारकडे किती थकलं आहे हेही उघड होईल. उद्योजकांच्या संघटना ज्या थकबाकीसाठी निवेदनं देतात, तिचा पुरावा सरकारच्याच यादीत तयार होईल. हे मी सांगितलं तेव्हा एका मालकांचा चेहरा बदलला. उघडेपणाचा आपल्यालाही उपयोग आहे, हे त्यांना तोवर कुणी म्हटलंच नव्हतं.

दुसरी भीती वर्गणीची. आकडा कळला की मंडळं, पुढारी, ठेकेदारीसाठी दबाव आणणारे, सगळे दारात. ही भीती मी खोडून काढू शकत नाही. एवढंच दिसतं की आत्ताही ते येतातच, आणि अफवेतला आकडा खऱ्यापेक्षा नेहमी मोठा असतो. 'बारा कोटी फुकट मिळाले' असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याला खरोखर मिळालेले चाळीस लाख दाखवता आले तर त्याचीच सुटका होते.

तिसरी गोष्ट सीमेची. कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक. वीजदर वाढले की कोल्हापूरचे उद्योजक तिकडे जाण्याची भाषा करतात, आणि त्यात अर्थ असतो. पण दोन्ही राज्यं प्रत्यक्षात कुणाला काय देतात हे कुणालाच स्पष्ट दिसत नसेल, तर कारखानदार ऐकीव गोष्टींवर तुलना करतो आणि राज्यं एकमेकांवर चढ करत देत सुटतात. या चढाओढीत लहान फाउंड्रीवाला कधीच जिंकत नाही. ज्याच्याकडे सल्लागार आहे तोच जिंकतो.

९. मागायचं कसं, यावर मिळणं पुष्कळ अवलंबून असतं. माहितीचा अधिकार देशभर १२ ऑक्टोबर २००५ ला आला. त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता आणि त्यासाठी अण्णा हजाऱ्यांनी उपोषणं केली होती. देशाच्या कायद्यातल्या कलम ४ मध्ये सतरा बाबी आहेत ज्या कुणी न मागता कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायच्या. त्यांतली बारावी बाब अशी की अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे सांगायचं. तेरावी बाब सवलती आणि परवाने मिळालेल्यांची. विद्युत शुल्काची माफी मिळालेले तिच्यात येतात, असं माझं मत आहे. म्हणजे मी एवढं सगळं लिहिलं त्यातलं बरंचसं कायद्यात वीस वर्षांपासून आहे. वसाहतीतली शिकलेली मुलं मला विचारायला येतात तेव्हा मी त्यांना आधी या दोन बाबी काढून बघायला सांगते. तिथे नुसती योजनेची माहिती असेल आणि लाभार्थ्यांच्या जागी कोरा रकाना असेल, तर अर्ज त्या कोऱ्या रकान्याबद्दलच करायचा.

अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. नाही आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं, ते राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. 'सर्व माहिती द्या' असं लिहिलं की अर्ज अडतो. व्यापारी गुपिताचं कलम ८(१)(ड) पुढे येतं, त्रयस्थ पक्ष म्हणून कारखान्याला विचारणा जाते. आता आणखी एक अडसर आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ८(१)(जे) ही तरतूद बदलली. वैयक्तिक माहितीतही सार्वजनिक हिताचा जो अपवाद तिथेच लिहिलेला होता, तो काढला गेला. कंपनीला हा आडोसा मिळू नये, कारण तो कायदा माणसांच्या माहितीबद्दल आहे. पण एकट्याच्या मालकीची फाउंड्री असेल तर अधिकारी हे कलम दाखवू शकतो. त्यावर ८(२) शिल्लक आहे. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते म्हणतं. अर्जात ते हित एका वाक्यात लिहावं: ही रक्कम करातून दिलेली आहे आणि रोजगाराच्या अटीवर दिलेली आहे.

मग नेमकं मागावं. योजनेचं साल. या वसाहतीतल्या मोठ्या आणि मध्यम घटकांची यादी. पात्रता प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मुदत. मंजूर रक्कम, आणि शेजारी आजवर दिलेली रक्कम. माफ केलेलं विद्युत शुल्क आणि मुद्रांक शुल्क. कबूल केलेली गुंतवणूक आणि नोकऱ्या. स्थानिक ऐंशी टक्क्यांची शेवटची पडताळणी कधी झाली त्या अहवालाची प्रत. तंत्रज्ञान, किमती, ग्राहकांची नावं यांतलं काहीही मागू नये. ते कारखान्याचं आहे, आपलं नाही.

पहिला अर्ज करताना मुलांनी एकट्याने न करता ग्रामसभेचा ठराव जोडावा, असंही मी सुचवते. कायद्याला त्याची गरज नाही. पण उद्योग खात्यातला अधिकारीही त्या टेबलावर एकटाच असतो, आणि एका गावाला उत्तर देणं त्याला एका माणसाला देण्यापेक्षा सोपं जातं. मागच्या अर्जाला तीन पानं आली, त्यांत दिलेल्या रकमेचा रकाना भरलेला होता आणि नोकऱ्यांचा नव्हता. पहिल्या अपिलाचा मसुदा सध्या माझ्या टेबलावर आहे. तो फक्त त्या एका रकान्यासाठी आहे.